पाठमोरी

१

मी माणसं पाठीवरून ओळखते. तोंडं माझ्या लक्षात राहत नाहीत, आणि कामात तोंडं बघायची वेळही येत नाही. नट कपडेपटात येतात, माझ्याकडे पाठ करून उभे राहतात, हात वर करतात. मी हुक लावते, बंद बांधते, उसवलेली शिवण असेल तर तिथल्या तिथं दोन टाके घालून दोरा दातानं तोडते आणि खांद्यावर थाप मारते. थाप म्हणजे झालं, जा. कुणाच्या पाठीला भीतीचा घाम आलाय, कोण घरून भांडून आलंय, कुणाला दिवस गेलेत आणि अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, हे सगळं मला आधी कळतं. मी बोलत नाही, एवढंच.

त्या वेळी जे नाटक चालू होतं, त्यात एक जागा होती. लोक त्या जागेसाठी परत परत तिकीट काढायचे. दुसऱ्या अंकात नायिका नवऱ्याशी भांडते, दार आपटून जाते. अंधार. आणि तुम्ही श्वास घेताय न घेताय तोवर वरच्या मजल्याची खिडकी उजळते. खिडकीत ती उभी. पाठमोरी. निळा झगा तोच, अंबाडा तोच. एवढ्यात ही वर पोचली कशी, असं प्रत्येकाला वाटायचं.

पोचलेली नसायचीच. नायिकेचं काम करणारी, जिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत, ती तेव्हा विंगेत पाणी पीत असायची. खिडकीत उभी असायची ती माझी धाकटी बहीण.

तिला मीच लावलं होतं तिथं. दिग्दर्शक बाईच्या उंचीची मुलगी शोधत होता. मी म्हटलं, शोधता कशाला, माझ्या घरी आहे. चेहरा बाईच्या जवळपासही जात नव्हता, पण मान, कंबर, उभं राहणं अगदी बाईचं. फरक एकच. धाकटीचा डावा खांदा जन्मापासून खाली. उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं. मग मी झग्याच्या आत डाव्या खांद्याला कापसाची छोटी गादी शिवली. गादी बसली की दोन्ही खांदे सारखे. तालमीला दिग्दर्शक लांबून बघून म्हणाला, "आता देवालाही कळणार नाही."

झगा घालायची जागा म्हणजे सेटच्या मागच्या जिन्याखालची बोळकांडी. वर जिना चढला की खिडकीमागचा फळ्यांचा माचा. बोळकांडीला काळा पडदा, आत मिट्ट काळोख. साधी बॅटरीही लावायची नाही, कारण सेटच्या फटींतून उजेड बाहेर दिसतो. धाकटी त्याच अंकात आधी नोकराणी म्हणून ट्रे घेऊन जायची, बाहेर आली की सरळ पडद्याआड शिरायची. ॲप्रन सोडायचा, हात वर. मी झगा चढवायचे, चाचपत हुक लावायचे. इशाऱ्याचा बारीक हिरवा दिवा लागला की थाप, आणि ती वर.

दरवेळी त्या काळोखात ती मला हसवायची. "ताई, बाईंनी आज पुन्हा लसूण खाल्लाय. नवऱ्याचं काम करणारा मेला बघ तिसऱ्या अंकाआधीच." मी तिच्या पाठीत गुद्दा घालायचे. असं आमचं चालायचं.

२

एका दुपारी प्रयोगाआधी चष्मेवाला आला. त्याची गावोगाव नाटकं करत फिरणारी छोटी मंडळी होती. सगळे मिळून एका गाडीत मावतील एवढी. सगळे त्याला चष्मेवाला म्हणत, कारण तो बोलताना चष्मा पुसायचा, आणि पुसताना काही दिसत नसल्यानं भलतीकडेच बघायचा.

"ताई, धाकटीशी जरा बोलायचं होतं."

"माझ्याशी बोला."

"बाई आजारी होत्या त्या तालमीला तिनं त्यांची वाक्यं म्हटली होती. मी मागच्या रांगेत बसलो होतो. अजून माझ्या कानात आहेत ती. मी नवीन नाटक घेतोय. मोठं काम आहे. बोलायचं काम."

"तिला इथंच बरं आहे," मी म्हणाले.

"तिला विचारलंत?"

"विचारायचं काय? लहानाची मोठी मी केलीय. तिचं पोट दुखायच्या आधी मला कळतं."

त्यानं चष्मा पुसला. "आवाज आहे हो तिला. आणि चेहरा. लोकांनी बघावा असा चेहरा आहे."

मी इस्त्री उचलली आणि जरा जोरातच टेकवली. "माझं काम राहिलंय."

तो गेला. मी धाकटीला सांगितलं नाही. प्रयोगाची वेळ होईपर्यंत मनाला समजावत होते की मंडळी फाटकी आहे, पोरीचे हाल होतील. पण खरं कारण मला माहीत होतं. आमच्या दोन खोल्या आहेत. मी त्या खोल्यांत कधी एकटी झोपलेली नाही.

त्या दिवशीच्या प्रयोगाला जिन्याखाली मी झगा हातावर घेऊन उभी राहिले. पडदा हलला, ती आत आली, पाठ केली, हात वर केले. मी हुक लावले. ती काही बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, आज मलाही हसायला जमलं नसतं. हिरवा दिवा लागला. थाप मारली.

एरवी मी तिथंच बसून राहते. त्या दिवशी बसवेना. विंगेत घंटाकाकांच्या टेबलावर छोटा टीव्ही आहे, त्यावर रंगमंच समोरून दिसतो. घंटाकाका म्हणजे घंटा देणारे, दिवे-पडद्याचे इशारे करणारे, आणि उरलेला वेळ सगळ्यांवर डाफरणारे. मी त्यांच्या मागून टीव्हीत बघितलं.

खिडकी उजळली होती. ती पाठमोरी उभी होती. आणि डावा खांदा वर होता.

खाली नव्हे. वर. बरोबर गादीएवढा.

३

धुतल्यावर कापूस फुगला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण झगा मीच धुते, आणि त्या आठवड्यात धुतलेला नव्हता. मग म्हटलं, पोरगी ताठ उभी राहिली असेल. पण खाली असलेला खांदा ताठ उभं राहून वर जात नाही. माणूस हयातभर ताठ उभं राहिलं तरी नाही.

अंक संपला तशी धाकटी कपडेपटात आली. ॲप्रन अंगावरच. डोळे लाल.

"मला सांगायचं तरी होतंस."

"काय सांगायचं होतं?"

"की खिडकीत दुसरीला उभी करतेयस म्हणून. माझ्या हातून ग्लास फुटला, काका म्हणाले काचा उचल, बाई अनवाणी येतात. उचलल्या आणि धावत आले तर जिन्याखाली तू नाहीस, झगा नाही. वर बघते तर खिडकी उजळलेली. थोडी थांबली असतीस तर काय झालं असतं?"

माझ्या हातात टाचण्यांची डबी होती. मी ती खाली ठेवली. "तू आलीच नाहीस?"

"आले ना. उशिरा."

आता इथं मी खरं बोलायला हवं होतं. धाकटे, मी कुणाचे तरी हुक लावले आणि ती कोण मला माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. पण ते शब्द तोंडात आणून बघितले तर ते वेडीचे शब्द होते. मी वेडी नाही. म्हणून मी म्हणाले, "हो. दुसरीला उभी केली. तू वेळेवर येत नाहीस तर काय नाटक थांबवू?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग ॲप्रनचे बंद सोडायला लागली, पण गाठ तिला सुटेना. मी पुढं होऊन सोडली. तिची पाठ थरथरत होती. डावा खांदा खाली.

नंतर मी घोळक्यात काम करणाऱ्या एकेका पोरीला गाठलं. कुणी मस्करी केली ती सरळ सांगा, नाहीतर उद्या टाचणी कुठं टोचेल सांगता येणार नाही. सगळ्या घाबरल्या. सगळ्या त्या वेळी दुसऱ्या विंगेत एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. बाईनं तर मला बोलावून सांगितलं, "तुझी धाकटी आज काय उभी राहिली गं. श्वास घेतेय का नाही कळत नव्हतं."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडण झालं. घंटाकाकांच्या पोटात काही राहत नाही. चष्मेवाला येऊन गेल्याचं त्यांनी तिला सांगितलं होतं.

मी चहा गाळत होते. ती दारात उभी.

"ताई, तो माझ्यासाठी आला होता?"

"आला होता."

"आणि तू परस्पर नाही म्हणालीस."

"त्या मंडळीत दोन वेळचं खायला मिळायची मारामार. गाडीत झोपावं लागतं."

"झोपले असते."

"आणि आजारी पडलीस तर मला निरोप यायचा."

"ताई, मला एकदा तोंड करून उभं राहायचंय. लोकांकडे बघून बोलायचंय. एवढंच. तुला काय त्याचं?"

तिनं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मी सावरले असते. मला चढ्या आवाजाची सवय आहे. पण ती हळू बोलली आणि मला त्या रिकाम्या खोल्या दिसल्या.

"तोंड करून?" मी म्हणाले. "तोंड बघितलंयस आरशात? तू पाठमोरीच बरी."

ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून केस विंचरायला लागली. मी चहाचा कप तिच्या शेजारी ठेवला. तो तसाच गार झाला, वर साय आली.

माफी मागायला एक शब्द लागतो. मी निघेपर्यंत तो शब्द तीनदा ओठांवर आला, आणि तिन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी बोलले. कडी नीट लाव. छत्री घे. उशीर करू नको.

५

त्या दुपारी मी ठरवून बसले होते. आधी खांदा, मग झगा.

बोळकांडीत मला लाकडाचा आणि सरसाचा वास येत होता. पलीकडं बाई आणि तिचा नाटकातला नवरा भांडत होते. ते भांडण मला पाठ आहे. कुठल्या वाक्याला धाकटी ट्रे घेऊन निघते, कुठल्या वाक्याला पडदा हलतो, सगळं.

पडदा वाक्याच्या आधी हलला.

पाठ माझ्यासमोर आली. मी दोन्ही तळवे तिच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले. सारखे. पाटीवर पट्टीनं रेघ मारावी तसे सारखे. आणि वास नव्हता. माणसाला वास असतो. घामाचा, पावडरीचा, तेलाचा, रात्रीच्या अंथरुणाचा. हिला घडी घालून ठेवलेल्या कपड्याला येतो तेवढाच वास होता.

"कोण गं?" मी विचारलं.

तिनं हात वर केले. बाकी काही नाही. सगळे करतात तसे हात वर केले.

आणि माझ्या हातांनी झगा चढवला. मी सांगितलं नव्हतं त्यांना. इतकी वर्षं समोर पाठ आली, हात वर झाले, की माझे हात कामाला लागतात. खालचा हुक, त्यावरचा, त्यावरचा.

तेवढ्यात पडदा पुन्हा हलला. तेलाचा वास आला, धाप लागलेला श्वास आला.

"आले गं, ताई. आज उशीर नाही केला बघ." सकाळचं भांडण तिनं गिळून टाकलं होतं. तसा तिचा स्वभावच. मग ती थांबली. काळोखात हुकाचा आवाज येतो, बारीक, टिक असा. तो तिनं ऐकला असणार. "ताई? कुणाचे हुक लावतेयस?"

थांबायला वेळ होता. तीन हुक राहिले होते. तेवढ्यात झगा ओढून काढता आला असता, पडदा फाडता आला असता, ओरडता आलं असतं. काय झालं असतं? नाटक पडलं असतं. पडू द्यायचं.

पण त्या तीन हुकांच्या वेळात माझ्या मनात जे आलं ते असं होतं: ही कुठंही जाणार नाही. हिला कुणी न्यायला येणार नाही.

"गप्प," मी म्हणाले. "प्रयोग चालू आहे."

हिरवा दिवा लागला. मी थाप मारली.

पायऱ्या वाजल्या नाहीत. त्या जिन्याची तिसरी पायरी करकरते, धाकटी सोडून कुणालाही ती चुकवता येत नाही. ती वाजली नाही. बाहेर दार आपटलं, अंधार झाला. मी "थांब इथंच" म्हणून धाकटीला मागं सारलं आणि जिना चढायला लागले. तिसरी पायरी माझ्या पायाखाली करकरली.

खिडकीत जो पाठमोरा उभा असतो, त्याचं तोंड माच्याकडे असतं. लोकांना पाठ, मागच्यांना तोंड. त्यात कसलीही जादू नाही. मी माच्यावर डोकं काढलं तेव्हा खिडकीवरचा दिवा पेटत होता, हळूहळू, पिवळा. पलीकडून लोकांचा तो श्वास ऐकू आला. खिडकीच्या चौकटीत निळा झगा उभा होता. मी मागून बघत होते, म्हणजे तोंडाच्या बाजूनं.

इकडूनही पाठच होती.

अंबाडा होता. मान होती. खाली हुकांची रांग होती, आणि वरून दुसरा हुक जरा तिरका लागलेला होता, कारण तो लावताना माझं लक्ष धाकटीकडे होतं.

६

मी खाली कशी आले मला आठवत नाही. बोळकांडीत कुणी नव्हतं. "धाकटे," मी हळूच हाक मारली. पायाला कापड लागलं. ॲप्रन होता तिचा. उचलला तर त्याचे बंद बांधलेलेच होते. कमरेची गाठ घट्ट, मी बांधते तशी, आणि आत कुणी नाही.

प्रयोग संपल्यावर कपडेपटात आले, तर ती बसलेली होती. दाराकडे पाठ, मांडीवर मोज्यांचा ढीग, जोड्या लावत.

"चल ना ताई, घरी," ती म्हणाली. आवाज तिचाच.

मी आनंदले. हे लिहायला लाज वाटते, पण आनंदले. ती पुढं चालत होती, मी मागं. घरी गेल्यावर ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली, मग खिडकीकडे. ताट घेतलं आणि भिंतीकडे वळून बसली. मी स्वतःला म्हटलं, रुसलीय. रुसली की माणूस तोंड दाखवत नाही. चार दिवसांत येईल वळणावर.

तिच्या खांद्यांकडे मी बघत नव्हते. सगळं बघत होते, तेवढं सोडून.

चार दिवस गेले, आणखी गेले. ती कामाला चोख. नोकराणीचं काम तिनं सोडलं, फक्त खिडकी ठेवली. घंटाकाका खूष, कधी नव्हे ते कुणालातरी शाबासकी दिली. दिग्दर्शक म्हणाला, आता गादी काढा, खांदा वर दिसतोय. मी उसवली. उसवताना सुई बोटात घुसली. गादी टाकवेना, म्हणून जिन्याखालच्या खिळ्याला अडकवून ठेवली.

घरातला आरसा मी काढला आणि ट्रंकेत उपडा घातला. तिनं सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं.

मग चष्मेवाला पुन्हा कपडेपटात आला. माणूस चिवट. ती भिंतीकडे तोंड करून शिवत होती. त्यानं मला डावलून सरळ तिलाच विचारलं. मी मनात म्हणत होते, हो म्हण. हो म्हण आणि जा, म्हणजे मला कळेल तू माझी धाकटी आहेस.

"मला इथंच बरं आहे," ती म्हणाली. "विचारायचं काय?"

शब्द माझे होते. आवाज तिचा, पण ते तोडणं, शेवटी इस्त्री टेकवल्यासारखं, ते माझं होतं. चष्मेवाला चष्मा पुसत होता, तो थांबला.

"ताई, तिला जरा वळायला सांगा ना."

"तिला नाही आवडत."

त्यानं चष्मा घातला आणि बराच वेळ तिच्या पाठीकडे बघितलं. मग निघाला. दारापर्यंत तो मागं मागं सरकत गेला. तिच्याकडे पाठ करायची त्याची तयारी नव्हती.

त्या प्रयोगाला मी जिन्याखाली तिचे हुक लावून थाप मारली आणि आधारासाठी भिंतीला हात टेकवला. हाताला गादी लागली. ऊबदार होती. मध्ये खळगा पडला होता, खांदा टेकून उठल्यासारखा.

कानाजवळ, काळोखातून, अगदी हळू आवाज आला. "ताई, माझे हुक?"

"थांब," मी म्हणाले. "प्रयोग चालू आहे."

प्रत्येक प्रयोगाला तिनं विचारलं. प्रत्येक प्रयोगाला मी हेच म्हणाले.

७

नाटक उतरायचं ठरलं. शेवटचा प्रयोग दुपारचा, आणि तो संपला की लगेच सुतार सेट मोडणार. खिडकी, माचा, जिना, सगळं. सुतारकाका पहिल्या अंकापासूनच विंगेत हातोडा घेऊन बसले होते. "ताई, जिन्याखालचं तुमचं सामान काढून ठेवा हो. नंतर म्हणाल, माझं काहीतरी राहिलं."

त्या सकाळी मी गादी परत झग्यात शिवली. पक्के टाके घातले. चुकून कुठं उसवू नये असे.

बोळकांडीत मी झगा छातीशी धरून उभी होते. पडदा हलला. पाठ आली, हात वर झाले.

"तुझा नाही," मी म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. हात वर. मी झगा सोडला नाही. बाहेर भांडण रंगात आलं होतं. हिरवा दिवा लागला. घंटाकाकांचा आवाज पडद्याबाहेरून आला, दातओठ खात. "ताई, पाठवा. पाठवा ना वर." मी ढिम्म हलले नाही. माझे हात कामाला जात होते, मी ते दाबून धरले होते. दार आपटलं. अंधार झाला. वर दिवा पेटल्याचा बारीक आवाज आला आणि लोक गप्प झाले. रिकाम्या खिडकीकडे बघत सगळे गप्प. कुणीतरी खोकलं.

माझ्यासमोरचे वर केलेले हात आता तिथं नव्हते. कधी गेले कळलं नाही.

"धाकटे," मी म्हणाले. "ये. तुझे हुक."

तेलाचा वास आला. माझा डावा तळवा मी पुढं धरला होता, त्याच्याखाली खांदा आला. खाली. चांगला दोन बोटं खाली. इतका बारीक झालेला की हाड लागलं. मी झगा चढवला. गादी जागेवर बसली. मी हुक लावायला लागले आणि बोलायला लागले. एवढं मी आयुष्यात बोलले नसेन. म्हटलं, घरी चल. चष्मेवाल्याकडे मी स्वतः घेऊन जाते. गाडीत झोप, कुठंही झोप. सगळ्यांकडे तोंड करून उभी राहा. मी पहिल्या रांगेत बसते. मी त्या सकाळी बोलले ते खरं नव्हतं. तुझा चेहरा चांगला आहे. वळ, मला बघू दे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता, "नको ताई. मला इथंच बरं आहे."

शेवटचा हुक माझ्या बोटांत होता. तो लागला की थाप, आणि थाप म्हणजे जा. मी थाप मारली नाही. मी तिला मागून घट्ट धरलं. नाटकाचा शेवटचा पडदा पडेस्तोवर धरून ठेवलं. सुतारकाकांनी काळा पडदा ओढून काढला तेव्हा उजेडात मी निळा झगा कवटाळून उभी होते. सगळे हुक लागलेले. आत कुणी नाही.

"काय हो ताई, रडताय?" ते म्हणाले. "होतं असं शेवटच्या प्रयोगाला." आणि त्यांनी तिसरी पायरी उचकटली. ती करकरली, मग तुटली.

घंटाकाकांनी मला खिडकीबद्दल धारेवर धरलं. बाई मध्ये पडली. म्हणाली, असू दे, रिकामी खिडकीच जास्त चांगली वाटली, आधीच सुचायला हवं होतं.

मी घरी आले. दार उघडंच होतं. ती खिडकीशी बसली होती, पाठमोरी, मावळतीचा उजेड दोन्ही खांद्यांवर सारखा पडलेला. माझ्या हातात गादी होती. मी झग्यातून उसवून आणली होती. वाटेतच ती गार झाली.

"आलीस?" ती म्हणाली. "नाटक संपलं ना?"

"संपलं."

"मग आता वळू का, ताई?"

मी उंबऱ्यातच उभी होते. तिची मान किंचित हलली, अंबाड्याखालची एक शीर ताणली गेली.

"थांब," मी म्हणाले. "थांब जरा."

ती थांबली. माझं ऐकते ती. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ती विचारते, आणि मी म्हणते थांब. माझ्या आवाजात आता पहिल्यासारखा जोर राहिलेला नाही. तिलाही ते कळत असणार. काल तिनं दोनदा विचारलं.